घोडीनं कोणतं पाणी प्यावं

आमच्या घरी गव्हाची पोळी फक्त सणाला व्हायची, पण गव्हाचा कोंडा मात्र पोत्यांनी पडलेला असायचा. हे सांगितलं की शहरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. हसा बाप्पा, खुशाल हसा. तो कोंडा आमचा नव्हता, घोडीचा होता.

लोणारच्या अलीकडे, मेहकरच्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. बा मळ्यात वांगी, मिरच्या, कांदे लावायचा आणि त्याच्या जोडीला वरातीसाठी एक घोडी ठेवायचा. पंचक्रोशीत लग्न निघालं की लोक आमच्या दारात यायचे. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. फाट्यावर एसटी थांबायला लागली होती, पण नवरदेव काही एसटीतून मांडवात उतरत नव्हता. त्याला घोडीच लागायची.

आणि घोडीचा मान असायचा. लग्नाच्या पोळ्यांची कणीक चाळली की चाळणीत राहिलेला कोंडा घोडीचा, ही रीत. नवरदेव वर चढायच्या आधी घरातली सवाष्ण घोडीचे पाय धुवायची, कपाळाला कुंकू लावायची आणि सुपात गूळ कालवलेला कोंडा तिच्यापुढं धरायची. उरलेला कोंडा पोत्यात भरून आमच्या घरी. वरात देवळापुढं आली की थांबायची, देवळामागच्या विहिरीची बादली काढून घोडीला पाजायची आणि मगच पुढं जायची. ही पण रीतच. ज्या घरानं कोंडा दिला नाही त्या घरी बा पुन्हा घोडी न्यायचा नाही.

"कुटार बैलानं खावं," बा म्हणायचा. "माही घोडी लग्नघरचं खाते."

म्हणून तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, बैलांच्या गव्हाणीत, आणि घोडीपुढं वर्षभर कोंडा, वर गुळाचा खडा. पाणी आधी मळ्यातल्या विहिरीचं असायचं. ते जड पाणी. त्यात दाळ शिजायची नाही, हंड्याला आतून पांढरा थर बसायचा. पुढं ती विहीर ढासळली आणि घरच्यासारखंच घोडीलाही देवळामागचं गोडं पाणी सुरू झालं. बाला तर आनंदच झाला. आता घोडीच्या खाण्यापिण्यात काही म्हणजे काही कमी राहिलं नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

ते गोडं पाणी घोडीसाठी डोक्यावर कोण वाहायचं? मी. मी तेव्हा ऐन विशीतली, नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली. काऊन सोडलं ते इथं सांगत नाही. सोडलं ते चांगलं केलं, एवढं पुरे. बाचे गुडघे गेले तसा घोडीचा लगाम माझ्या हातात आला. वरातीत घोडी धरून बाई चाललेली बघायला लोक नवरदेवाला सोडून माझ्याकडे तोंड करायचे. मी डोक्यावरचा पदर कानामागं खोचायची आणि चालायची.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, गावोगावची लग्नं सुरू झाली आणि घोडी अडखळायला लागली. आधी वाटलं खडा लागला असेल. खूर उचलून पाहिला, काही नाही. मग ती पाऊल जपून टाकायला लागली, आज पुढचा पाय तर उद्या मागचा. कोंडा चघळायची आणि अर्धा घास गोळा होऊन तोंडातून खाली पडायचा. एक दिवस तिच्या तोंडावरून हात फिरवताना मला डोळ्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना फुगवटा लागला. दाबून पाहिला. सूज असती तर बोट रुतलं असतं. हे हाडच वाढल्यासारखं टणक होतं.

मग काय, सगळं गाव वैद्य झालं. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे दात काढा. बाचा धाकटा भाऊ, माझा काका, देवळाच्या पंचांत होता. त्याचं औषध वेगळं होतं.

"परत आलेल्या पोट्टीच्या हाती घोडी देल्ली तवाच म्या म्हनलं होतं," तो अंगणात उभा राहून म्हणाला. "हिचा पाय लागला तठी काही चांगलं झालं का?"

लिहिताना माझ्या हातून शाळेतली भाषा उतरते, पण राग आला की तोंडी गावचीच येते. "काका," मी म्हटलं, "घोडीचं तोंड फुगलं ते दिसून राह्यलं. तुमचं कायच्यानं फुगलं?"

काका आठ दिवस घरी आला नाही. आला तेव्हा डाग द्यायला माणूस घेऊनच आला. विस्तवात सळई लाल करून फुगवट्यावर टेकवायची, की रोग पळतो म्हणे. मी घोडीच्या तोंडापुढं उभी राहिले आणि म्हटलं, आधी मले डागा. तो माणूस बिचारा माझ्याकडे बघे, काकाकडे बघे. शेवटी सळई पाण्यात विझवून निघून गेला.

पण बा खचला. त्यानं तिला आणखी कोंडा घातला, तुपात भिजवून घातला. ती आणखी लंगडायला लागली. बाजारात लंगडी जनावरं घेऊन जाणारा एक माणूस यायचा. त्याच्यासोबत गेलेलं जनावर पुन्हा कोणी पाहिलेलं नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना बा ताटाकडेच पाहत बोलला.

"होळीपरेंत पाहू. चालली तं ठेवू. नाई तं देऊन टाकू त्याले."

या घरात माझ्या येण्यानं खूश झालेला जीव एकच होता. मी दारात पाय ठेवला त्या दिवशी तिनं खुंट्यावरून मान लांब करून माझी ओंजळ हुंगली होती. बाकी सगळ्यांनी आधी माझ्यामागं नवरा आहे का ते पाहिलं होतं. ती मला देऊन टाकायची नव्हती. काही झालं तरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एसटी धरून मेहकरला गेले आणि ढोरांच्या डॉक्टरला घेऊन आले. तो पुण्याकडचा होता, तरुण, चष्मेवाला. मी बोलायला लागले की त्याच्या ओठाचा कोपरा हलायचा. "हासता काऊन?" मी विचारलं तेव्हा तो लाल झाला आणि नाही नाही म्हणाला. पण माणूस कामाचा निघाला. त्यानं घोडीच्या तोंडाच्या हाडावर बोटानं ठोकून पाहिलं, दात पाहिले, सांधे दाबले. मग विचारलं, "खायला काय घालता?"

"कोंडा," बा अभिमानानं म्हणाला. "गव्हाचा."

"आणखी?"

"गूळ."

"कुटार? गवत?"

"कुटार बैलाले, साहेब."

"आणि पाणी?"

"देवळामागचं. गोडं. एका उकळीत दाळ शिजते."

डॉक्टरनं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला. "अहो," तो म्हणाला, "तुम्ही हिला लाडानं मारताय."

मग त्यानं ओट्यावर बसून समजावलं. जनावराच्या रक्ताला चुना लागतो, आपल्यालाही लागतो. कोंड्यात फॉस्फरस नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि चुना जवळजवळ नसतो. फॉस्फरस एवढा झाला की खाण्यातला होता-नव्हता चुनाही अंगी लागत नाही. मग शरीर काय करतं, स्वतःच्या हाडांतला चुना ओढून रक्ताला देतं. हाडं पोकळ होतात, त्या जागी दुसरंच मऊ काहीतरी भरतं आणि तोंड असं फुगतं. सांधे दुखतात, चालवत नाही.

"चुना?" बा म्हणाला. "चुना तं पानाले लावतेत."

"पानाला लावतात तोच म्हणा हवं तर," डॉक्टर म्हणाला. "पण मी अंदाजानं सांगणार नाही. कोंडा, कुटार आणि गावातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी, वेगवेगळं भरून द्या. अकोल्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतो."

"परतेक म्हंजे आपल्या आळीच्या," काका मागून म्हणाला.

"प्रत्येक म्हणजे प्रत्येक," डॉक्टर म्हणाला. त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

गावात वापरातल्या विहिरी मोजक्याच. त्यांतली एक नाल्यापलीकडच्या वस्तीत. त्या लोकांनी काही वर्षांपूर्वी बुद्धाचा धर्म घेतला होता, मेलेली ढोरं ओढायची सोडून दिली होती, आणि गावाला त्याचा अजून राग होता. देवळाच्या विहिरीवर त्यांनी यायचं नाही, त्यांच्या विहिरीवर आपण जायचं नाही. मी औषधाच्या रिकाम्या बाटल्या राखेनं घासल्या, ओळखू याव्या म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि निघाले.

नाल्यापलीकडं विहिरीवर एक बुढी धुणं धूत होती. सडपातळ, काटक, दंडावर गोंदण. मी काठापासून जरा लांबच थांबले.

"काय पाह्यजे वं?"

"पाणी. बाटलीत."

"कायले?"

"तपासाले. घोडीसाठी."

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमचं पाणी तपासून राह्यले? आमी पेतो ते दिसत नाई का कोणाले?" बोलली, पण बाटली भरून दिली. बूच घट्ट लावून दिलं. "काय निंगते ते सांगजो मले बी," ती म्हणाली.

बाटल्या घेऊन गेले तेव्हा डॉक्टरनं दवाखान्याच्या ओट्यावरच एक गंमत करून दाखवली. प्रत्येक पाण्यातलं थोडं वाटीत घेतलं, त्यात साबणाचा कीस टाकला आणि खळखळवलं. देवळाच्या पाण्याला फेसच फेस. नाल्यापलीकडच्या पाण्याला फेस येईना, नुसता चिकट साका बसला. "हे पाणी जड," तो म्हणाला. "यात चुना असणार. किती ते अकोला सांगेल." बाटल्या, कोंडा, कुटार, सगळं गेलं. तोवर कोंडा बंद करायला सांगून त्यानं चुन्याच्या दगडाची भुकटी दिली, कुटारावर भुरभुरवायला. घोडीनं नाकानं एक फुंकर मारली आणि सगळी भुकटी माझ्या तोंडावर. ओली करून दिली तर गव्हाणच उलटी केली. कुटाराकडं तर ती बघेना. लग्नघरच्या जेवणाची सवय, तिला बैलाचं ताट कसं चालणार! मी काही दिलंच नाही दुसरं. दिवसभर रुसून उभी राहिली, संध्याकाळी एक काडी उचलली, मग दुसरी.

काही आठवड्यांनी डॉक्टर सायकलवर आला. काका अंगणातच होता, आणखी दोघेचौघे होते. तो सरळ बोलला. कोंडा त्यानं सांगितला होता तसाच निघाला. देवळाच्या विहिरीचं पाणी गोडं होतं, कारण त्यात फारसं काही नव्हतंच. मळ्यातल्या जड पाण्यातून घोडीला मिळत होता तेवढा चुनाही त्यानं थांबला होता. तुरीच्या कुटारात चुना चांगला. आणि नाल्यापलीकडच्या पाण्यात चुना भरपूर, मॅग्नेशियमही होतं, अपायकारक काही नव्हतं.

"एकट्या पाण्यानं होणार नाही," तो म्हणाला. "कोंडा कायमचा बंद, कुटार आणि हिरवा पाला सुरू, आणि पाणी त्या विहिरीचं. भुकटी ती खात नाही ना? पाणी तर पिणारच. त्याला युक्ती लागत नाही."



"त्या विहिरीवर आपली घोडी?" काका म्हणाला.

"पाणी आहे हो ते."

"तुम्ही परगावचे, साहेब. उद्या नवरदेव बसन का तिच्यावर? सवाष्ण पाय धुईन का तिचे?" मग तो माझ्याकडं वळला. "तू गेली त्या विहिरीवर तं देवळाच्या विहिरीवर पाय ठेवाचा नाई. घरासाठी बी नाई."

बा गुडघ्यांवर हात ठेवून घोडीकडं बघत बसला. मला भीती वाटत होती, नाही कशी वाटणार, पण त्याहून जास्त चीड येत होती. मानाचा कोंडा चालला, मानाचं पाणी चाललं, त्यानं ती मरायला टेकली तरी कोणाचं काही बिघडलं नाही. आणि जगवणारं पाणी निघालं तर त्याची जात निघाली.

"घोडीची जात कोणती ते सांगा आधी," मी म्हटलं. "मंग नेत नाई."

सकाळी मी तिला सोडलं. ती लंगडत होती, म्हणून जायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ गाव दारात उभं राहून बघत होतं. कोणीतरी हसलं, कोणीतरी थुंकलं. मी लगाम सैल धरला आणि तिच्या पायानं चालले.

बुढी विहिरीवरच होती. आमच्या येण्याची खबर माझ्या आधी पोचली होती.

"आमच्या पाण्यात चुना निंगला म्हनतेत!" ती म्हणाली. "तरीच आमचे हाडं मजबूत. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या गावाचं वझं उचललं, मोडले नाई."

तिनं स्वतः बादली काढली, डोणीत ओतली. घोडीनं तोंड घातलं आणि प्याली. मळ्यातल्या विहिरीची चव तिला आठवली असेल की काय कोण जाणे, पण मधे श्वास न घेता प्याली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"घोडी पेते," बुढी म्हणाली. "तू काऊन नाई पेत?"

आजूबाजूला तिच्या घरच्या सुना उभ्या होत्या, कडेवर लेकरं होती. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

"जनावराले आमचं पाणी चालते, तुले नाई चालत, असं असन तं उद्या आणू नको तिले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. अट होती.

मी खरं सांगते, मला क्षणभर काकाचं तोंड दिसलं. आणि ते दिसलं म्हणूनच माझा हात पुढं झाला. "आण," मी म्हटलं. तिनं तांब्या दिला, वरून धार धरली नाही, हातात तांब्या दिला. मी तोंड लावून घटाघटा प्याले. जड पाणी, जिभेवर बसणारं, पाटीवरच्या खडूची आठवण करून देणारं. तांब्या परत देताना माझी बोटं तिच्या बोटांना लागली. त्यानं काही झालं नाही. मी जागच्या जागी उभी होते आणि घोडी शेपटी हलवत होती.

मग रोज दोन वेळा आमची फेरी सुरू झाली. काका बोलल्याप्रमाणे देवळाची विहीर आम्हाला बंद झाली, तर मी घरचं पाणीही तिथूनच आणायला लागले. बानं सुरुवातीला माझ्या हंड्यातलं पाणी घेतलं नाही. तहानेनं घसा सुकला तेव्हा गुपचूप घेतलं. दाळ मात्र शिजायची नाही. पाण्यात सोडा टाकला, रात्रभर भिजत घातली, तरी कडक. बा एकेक दाणा चावायचा, मला ऐकू येईल असा चावायचा आणि म्हणायचा, "चांगली झाली हो दाळ, अंमळ दात लागतेत, बस." मी म्हणायची, तुमचे बी हाडं मजबूत व्हतीन.

एके दिवशी मी बाहेरून आले तर बा गोठ्यात घोडीपुढं वाकलेला. मूठ पाठीमागं लपवली.

"बा, कोंडा घालून राह्यले का?"

"मूठभरच वं. आशेनं पाह्यते ते माह्याकडं."

"मूठ मूठ करूनच तिचं तोंड फुगलं, बा!" मी ओरडलेच. इतक्या जोरानं मी त्याच्यावर कधीच ओरडले नव्हते. त्याच पावली गेले, कोंड्याची होती-नव्हती ती सगळी पोती ओढत बाहेर काढली आणि उकिरड्यावर रिकामी केली. लग्नघरचा कोंडा, मानाचा! शेजारच्या बाया गालावर हात मारून घ्यायला लागल्या. अवदसा आली म्हणे हिला. येऊ दे. बा दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं आता हात उचलतो की काय. त्यानं खराटा आणला आणि सांडलेला कोंडा लोटायला लागला.

त्यानंतर तो रोज विचारायचा, "पेली का आज?" कधी कधी मळ्याच्या कडेचा हिरवा पाला स्वतः कापून आणायचा.

घोडीचं पाऊल आधी सुधारलं. घास पडायचा बंद झाला. एका सकाळी नाला उतरताना तिनं चक्क उडी मारली आणि लगाम माझ्या हातातून सुटला. मी तिथंच वाळूत बसले आणि हसत सुटले. डॉक्टर येऊन बघून गेला. तो म्हणाला, चालेल, वजन उचलेल, पण तोंडाचा फुगवटा राहणार, हाड वाढलं ते वाढलं. राहू दे म्हटलं. तोंडावर काय आहे!

होळीला बानं तिला स्वतः सोडलं. गुडघे दुखत असताना तिच्यासोबत वेशीपर्यंत चालत गेला, परत आला, आणि खुंट्याला बांधताना एवढंच म्हणाला, "बाजारात जाचं काही काम नाई आता."

"ठेवा की," काका म्हणाला. "बसन कोण तिच्यावर?"

खरंच कोणी बसलं नाही. फाल्गुन गेला, चैत्र गेला. लग्नघरची माणसं आमच्या दारावरून पुढं जायची आणि पार दुसरबीड गावाहून घोडी आणायची. आमचं दार जणू भिंतच. बा ओट्यावर बसून वाजंत्री ऐकायचा. घोडी वाजंत्री ऐकली की कान उभे करायची आणि खूर आपटायची. तेवढंच माझ्यानं बघवायचं नाही.

वैशाखात बुढी आमच्या दारी आली. अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत उभी राहिली.

"नातीचं लगन हाये," ती म्हणाली. "नवरदेव मेहकराकडचा. फाट्यावर यष्टीतून उतरन. घोडी देता का?"

त्या वस्तीतला किंवा त्या वस्तीत येणारा कोणताही नवरदेव आमच्या गावातून घोडीवर बसून गेलेला नव्हता. फाट्यावरून वस्तीकडं जायचा रस्ता देवळापुढूनच जातो. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बाला ठाऊक होतं. बानं माझ्याकडं पाहिलं.

"घोडी हिची हाये," तो म्हणाला. "हिले इचारा."

"देतो," मी म्हटलं. "पण कोंडा खाऊ घालाचा नाई."

बुढी तोंड भरून हसली. "आमच्या घरी जवारीची भाकर, बाई. गव्हाचा कोंडा आनू कुठून?"

लग्नाच्या दिवशी मी घोडीला घासून पुसून काढलं, बानं पेटीतली जुनी झूल काढून दिली. नवरदेव लाजरा, शिकलेला, घोडीच्या फुगीर तोंडाकडं जरा घाबरून बघणारा. बसला नीट. वाजंत्री लागली. गावात शिरलो तशी दारं उघडत गेली, आणि देवळापुढं पंच उभेच होते, काका पुढं. कुठूनतरी खडे आले. एक घोडीच्या पुठ्ठ्यावर लागला. ती थरथरली, पण माझा हात तिच्या मानेवर होता, ती हलली नाही.

देवळापुढं मी थांबले. वाजंत्री थांबली. नवरदेव वर बसून खाली बघे. मी लगाम बुढीच्या हातात दिला, विहिरीवर गेले आणि बादली सोडली.

"ए पोट्टे!" काका ओरडला. "या विहिरीवर यायाचं नाई म्हनलं होतं ना?"

"घोडीले पाणी पाजाची रीत हाये, काका," मी म्हटलं. "तुमचीच रीत."

रीत होती खरी. मी बादली ओढली, भरलेली बादली आणून घोडीपुढं धरली. तिनं हुंगलं. वरचा ओठ उचलून दात दाखवले आणि मान फिरवली. पुन्हा धरली, पुन्हा फिरवली. इतक्या महिन्यांच्या जड पाण्याची तिला सवय झाली होती. गोड्या पाण्याची बादली तशीच्या तशी माझ्या हातात राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं, बुढीच्या कपाळावरून घाम वाहत होता.

मी लगाम परत घेतला आणि बादली बुढीपुढं केली. ओंजळ करायला सांगितलं नाही. बादलीच दिली तिच्या हातात.

तिनं काकाकडं पाहिलं, पंचांकडं पाहिलं, मग बादली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. सावकाश प्याली. एक घोट तोंडात घोळवून पाहिला. सगळं गाव तिच्या गळ्याकडं बघत होतं. मग तिनं बादली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली,

"अळणी हाये वं, बाई. याच्याचसाठी जपून राह्यले होते का एवढं?"